‘मुलगी कचरा उपसते’ म्हणणाऱ्या आत्यासाठी, आणि तुझ्यासाठी

पत्र थोडक्यात असं:

ताई, मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातली, वय २४. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झाले. बाबा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत बॉयलरवर शिफ्ट करतात. गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी हातात आहे. दुसरीकडे नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, निघाली आहे आणि पुण्यात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस या विषयावर पीएचडीला जागा मिळतेय. मन तिकडेच ओढतंय. पण आत्या म्हणते, ‘एवढं शिकून मुलगी कचरा उपसते असं सांगून स्थळ कसं आणायचं?’ आई रडते, बाबा काहीच बोलत नाहीत. यात खरंच शास्त्र आहे का, की नुसत्या सरकारी योजना? पुढे पोट भरेल का? आणि पाच वर्षं घालवून हाती काहीच लागलं नाही तर?

प्रिय मुली,

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. पीएचडी कर. पण होकार कळवायच्या आधी तुझ्या होणाऱ्या गाईडना एक प्रश्न विचार: ‘रोज खऱ्या कचऱ्यावर चालणारा प्लांट तुमच्या हाताशी आहे का, आणि मला तिथे वर्षभर जाऊ द्याल का?’ उत्तर ‘लॅबमध्ये दोन लिटरचा रिॲक्टर आहे, तेवढा पुरे’ असं आलं, तर जेआरएफ घेऊन दुसरा गाईड शोध. फेलोशिप तुझी आहे, गाईडची नाही. सहा महिने उशीर झाला तरी चालेल.

एवढ्या आग्रहाने का सांगते, ते माझ्यावर गुदरलेल्या एका प्रसंगावरून सांगते. माझी पीएचडी होऊन वर्षच झालं होतं. एका मंगल कार्यालयाच्या मागे रोज पाचशे किलो खरकटं घेणारा प्लांट होता, त्याची तांत्रिक जबाबदारी माझ्याकडे आली. प्लांटवर एक मामा होते. शाळा चौथीपर्यंत. सकाळी झाकण उघडून स्लरीचा वास घेतला की आज किती फीड घालायचं ते सांगायचे. मी आम्लता मोजायचं पीएच मीटर घेऊन आलेली, मला ते पटायचं नाही.

मे महिना, लग्नसराई. लागोपाठ दोन दिवस जिलेबीचा पाक आणि उरलेलं श्रीखंड बादल्या भरभरून आलं. मामा म्हणाले, ‘बाई, एवढं गोड घालू नका, पोट बिघडंल.’ मी हिशेब मांडला, साखर म्हणजे भरपूर ऊर्जा, आणि घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गॅसचा फुगा टम्म फुगलेला. सगळे खूश. स्वयंपाकघरात बर्नरला काडी लावली तर ज्योतच धरेना. फुग्यात जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. पीएच ७.२ वरून ५.८ वर आलेला, म्हणजे आत आम्ल वाढलेलं, आणि आंबट, ओकारी आल्यासारखा वास रस्त्यापर्यंत. फीड बंद केलं, चुना घातला, शेजारच्या गावातल्या चालू गोबरगॅसची स्लरी टेम्पोने आणून ओतली. निळी ज्योत परत दिसायला चोवीस दिवस लागले. तोवर कार्यालयाने सिलिंडर लावले, आणि मालकाचा विश्वास बसायला पुढचं वर्ष उजाडलं.

काय झालं होतं ते तुला पुस्तकातून ठाऊक असेल. एका जातीचे जीवाणू अन्नाचं आम्ल करतात, ते चपळ. दुसरे, मिथेन करणारे, ते संथ, त्यांची वाढ व्हायला दिवसच्या दिवस जातात. साखर एकदम आली की पहिले सुटतात, दुसरे मागे पडतात, आम्ल साचतं आणि त्या आम्लातच मिथेनवाले गारठतात. हे मला एमएस्सीपासून पाठ होतं. माझ्या प्रबंधात यावर अख्खं प्रकरण होतं. पण प्रबंधात मी ग्लुकोज मोजून, ग्रॅममध्ये, ठरलेल्या वेळी घालत होते. श्रीखंडाची बादली ठरलेल्या वेळी येत नाही. या क्षेत्रातलं शास्त्र बादलीपाशी सुरू होतं, आणि जो मुलगा किंवा मुलगी बादलीपाशी उभी राहत नाही तिला ते कळत नाही. म्हणून तो प्रश्न.

एकट्या माझीच अशी फसगत झाली असं नाही, मोठमोठ्या ठिकाणीही हेच झालंय. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभा केला. दिवसाला तीनशे टन कचरा, पावणेचार मेगावॉट वीज. तो जेमतेम २१ दिवस चालला. यंत्र परदेशी कचऱ्याच्या हिशेबाने केलेलं, कोरडा, कागद-पुठ्ठ्याचा कचरा गृहीत धरून. आपल्या कचऱ्यात भाजीची देठं, आंब्याच्या साली, भिजलेला भात, वर माती. त्यातलं पाणी वाळवण्यातच उष्णता संपायची, वेगळं इंधन ओतल्याशिवाय तो धड पेटतच नव्हता. आपल्या कचऱ्याला आगीपेक्षा जीवाणू मानवतात, हे त्या २१ दिवसांनी फार महागात शिकवलं.

आता ‘यात शास्त्र आहे का’ हा तुझा प्रश्न. पुण्याच्या आरती या संस्थेत आनंद कर्व्यांनी काय केलं ते बघ. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, महर्षी कर्व्यांचे नातू. गोबरगॅसकडे बघताना त्यांनी साधाच प्रश्न विचारला: शेणात असं काय आहे? गाईने खाल्लेल्या चाऱ्यातलं पचण्यासारखं सगळं गाईने काढून घेतलंय, उरलं ते शेण. मग आपण जीवाणूंना उष्टं का घालतोय, थेट पिष्टमय पदार्थ का घालत नाही? त्यांनी पीठ, खरकटं, खराब झालेलं धान्य घालून पाहिलं. त्यांचा हिशेब असा होता की जेवढ्या मिथेनला चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात, तेवढा दोन किलो पिष्टमय खाद्यातून एका दिवसात मिळतो. त्यातून प्लास्टिकच्या दोन टाक्या एकात एक बसवलेला, गच्चीवर मावणारा संच तयार झाला आणि २००६ साली आरतीला त्यासाठी ब्रिटनमधला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. याला महागडं यंत्र लागलं नाही. प्रश्न मात्र पक्का शास्त्रज्ञाचा होता.

दुसरं उदाहरण भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शरद काळ्यांचं. त्यांचा ‘निसर्गऋण’ प्लांट बघितलास की माझ्या श्रीखंडाच्या गोष्टीवरचा उपाय तुला दिसेल. त्यांनी ते दोन प्रकारचे जीवाणू वेगवेगळ्या टाक्यांत घातले. कचरा आधी मिक्सरमध्ये गरम पाण्याबरोबर वाटायचा, तो लगदा पहिल्या टाकीत जातो. तिथे हवा खेळती, उष्णता सोसणारे जीवाणू, आम्ल करायचं काम बरंचसं तिथेच उरकतं. मग ते पाणी मुख्य डायजेस्टरमध्ये, म्हणजे गॅस तयार होतो त्या बंद टाकीत, हवेविना, संथ मंडळींकडे. ज्यांचं जमत नाही त्यांच्या चुली वेगळ्या केल्या, इतकं ते समजायला सोपं आहे. पण टाक्या केवढ्या, पाणी किती गरम, कुठल्या टाकीत किती दिवस, हे बसवायला वर्षं गेली. काळ्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. अणुशक्तीच्या संस्थेतला माणूस खरकट्याच्या मिक्सरपाशी उभा राहिला आणि देशाने त्याची दखल घेतली, हे आत्याला जरूर सांग.

आत्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे घाण कुणी काढायची हे जातीने ठरवलेलं होतं, आणि ‘कचरा उपसते’ या शब्दांत ती जुनी शिसारी अजून आहे. आत्या वाईट आहे म्हणून बोलत नाही, तिला तुझ्या लग्नाची काळजी आहे. पण याच महाराष्ट्रात कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करायला मिळावं म्हणून उपोषण केलं होतं. त्यांच्या वाटेने पुढे गेले डॉक्टर मापुसकर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते देहूच्या सरकारी दवाखान्यात आले. पेशंट येत ते जुलाब, जंत घेऊन. औषध देऊन पाठवायचं, पंधरा दिवसांनी तोच माणूस परत. हा आजार दवाखान्यात बरा होणारा नाही, तो गावाच्या हागणदारीत आहे, हे त्यांनी ओळखलं आणि आयुष्य संडासांना दिलं. संडासाला जोडलेले बायोगॅस त्यांनी देहूत कित्येक घरांत चालवून दाखवले. ज्या गॅसवर भाकरी भाजायला बायका आधी तयार नव्हत्या, त्यावर स्वयंपाक होऊ लागला. २०१७ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते हयात नव्हते. तुकोबांच्या गावात एका डॉक्टरने मैल्यात हात घातला, आणि गाव त्यांचं नाव आदराने घेतं.

तसं बघितलं तर कोल्हापूरकडे घरामागे गोबरगॅस असणं काही नवीन नाही. आत्याच्याच घरी किंवा शेजारी एखादा असेल. त्यावर केलेला चहा ती पीत आली असेल.

पोटापाण्याचं आता स्पष्ट बोलू. जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. वेर्ण्याच्या ऑफर लेटरमधला आकडा शेजारी ठेवून बघ, फार अंतर नसेल. मात्र फेलोशिपचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील या भरवशावर राहू नकोस. तीन-चार महिने अडकतात आणि मग एकदम येतात. पुण्यात खोली घेण्याआधी तेवढी गंगाजळी बाजूला ठेव, घरी मागायची वेळ येऊ नये.

पीएचडीनंतर काय? मी या कामात आले तेव्हा बायोगॅस म्हणजे खेड्यातली योजना एवढंच लोकांना माहीत होतं. २०१८ साली केंद्राने ‘सतत’ योजना आणली, म्हणजे कुणीही कचऱ्यापासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस करावा आणि तेल कंपन्यांनी तो विकत घ्यावा. इंदूरला २०२२ साली दिवसाला ५५० टन ओला कचरा घेणारा प्लांट सुरू झाला, त्या गॅसवर शहराच्या बस चालतात. पानिपतला त्याच वर्षी भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना झाला, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. आणि तुझ्या अगदी घराजवळचं बोलायचं तर आपल्या साखर कारखान्यांचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. वर्षानुवर्षं तो खत म्हणून शेतात जायचा, आता त्यापासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस करायला कारखाने पुढे येताहेत. अडचण अशी की प्रेसमड हंगामात येतो आणि प्लांट बारा महिने चालवायचा असतो. साठवून ठेवला तर ढिगातच कुजतो आणि गॅस द्यायची ताकद घालवून बसतो. शिवाय त्यात गंधक जास्त, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड जास्त, म्हणजे कंप्रेसर आणि पाइप खाल्ले जाणार. प्रेसमड पावसाळ्यापर्यंत टिकवायचा कसा, हा प्रश्न मी तुझ्या जागी असते तर पीएचडीला घेतला असता. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन एक दिवस बसून ये. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी, मुंबईच्या माटुंग्याचं रसायन तंत्रज्ञान संस्थेतलं ऊर्जा जैवविज्ञान केंद्र, पंजाबात कपूरथळ्याची जैवऊर्जा संस्था, ही सगळी दारं तुझ्यासाठी आहेत. माटुंग्याचं नाव घेतलं म्हणून सांगते, १८९७ साली तिथल्याच कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढला होता, देशातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो एक.

नोकऱ्या आहेत, पण सगळं गुलाबी नाही. बंद पडलेले प्लांट मी भरपूर पाहिलेत. उद्घाटनाची पाटी चकचकीत आणि डायजेस्टरवर रुई उगवलेली. कारण बहुतेक वेळा एकच: कचरा वेगळा होऊन येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनच घरात ओला-सुका वेगळा करायचं लिहिलेलं आहे, पण गाडीत सगळं एक होतं. केळीच्या सालीबरोबर शॅम्पूच्या पुड्या, डायपर, दाढीची ब्लेडं येतात. पंप अडकतो, ऑपरेटर हाताने काढतो, हात कापतो, महिन्याभरात तो नोकरी सोडतो. तुझ्या प्रबंधात जीवाणूंचं प्रकरण असेल. त्या ऑपरेटरच्या हातमोज्यांचं आणि पगाराचंही एक पान असू दे. परीक्षक विचारतील, हे इथे कशाला? सांग, याच्याशिवाय प्लांट चालत नाही.

आणि हे तर शपथ घालून सांगते. रिकाम्या दिसणाऱ्या डायजेस्टरमध्ये, टाकीत, चेंबरमध्ये कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून उतरायचं नाही, आणि कुणाला उतरू द्यायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रात दर काही महिन्यांनी ही बातमी येते. नेहमी गरिबाघरची माणसं असतात. तू शास्त्रज्ञ म्हणून जाशील तिथे तुझा शब्द चालेल. तो पहिल्याच दिवशी याच्यासाठी वापर.

‘पाच वर्षांत हाती काही लागलं नाही तर’ असं तू विचारतेस. प्रयोग फसतील. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली आणि तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. त्या ढिगाच्या पोटात जो मिथेन तयार होतो तो तुझ्या डायजेस्टरमधलाच, फक्त तिथे त्याला कुणी धरलेलं नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो. आपण गॅस ‘तयार’ करत नाही, तो होतच असतो. आपण त्याला टाकीत धरून चुलीपर्यंत आणतो. त्यातला एक पाइप जरी तू नीट जोडलास तरी पाच वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. आणि तुला क्वालिटी कंट्रोलची नोकरी तिशीतही मिळेल, त्या दाराला कुलूप लागत नाही.

आता बाबा. ते बोलत नाहीत, असं तू लिहिलंस. मला वाटतं त्यांच्याशी या विषयावर कुणी बोललेलंच नाही. डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोल निघालं की आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे उरलेलं सांडपाणी, निघतो, काळा, कढत, नदीत सोडला तर मासे मारणारा. बऱ्याच डिस्टिलऱ्यांत तो डायजेस्टरमध्ये जातो आणि त्याचा गॅस बॉयलरला येतो. काही नव्या ठिकाणी तोच आटवून सरळ बॉयलरमध्ये जाळतात. कुठल्याही प्रकारे बघ, तुझे बाबा इतकी वर्षं घाणीची वाफ करताहेत. तुला जे शिकायचंय ते त्यांचे हात रोज करतात. गॅसचा दाब पडला की ज्योत कशी दिसते, पावसाळ्यात काय होतं, डायजेस्टर बिघडला की बॉयलरवर आधी कसं कळतं, हे त्यांना विचार. वही घेऊन बस. आईलाही तिथेच बसव, कांदे निवडत का होईना.

आणि या रविवारी त्यांच्याबरोबर कारखान्यावर जा. सुरक्षा ऑफिसात नाव लिहून, हेल्मेट घालून, रीतसर. डिस्टिलरीच्या केमिस्टना भेट आणि त्यांना विचार की डायजेस्टरचा आजचा पीएच किती, व्होलाटाइल ॲसिड किती, आणि गेल्या वर्षभरात तो किती वेळा आंबला. डायजेस्टर नसेल तर बाबांच्या शिफ्टला शेजारी उभी राहून स्पेंटवॉश कुठून कुठे जातो त्याचा कागदावर नकाशा काढ. जे आकडे मिळतील ते, आणि गाईडनी माझ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते, दोन्ही मला लिहून पाठव. मी वाट बघते.

तुझी,
ताई